वायर काढली, लाइट गेली... आणि ब्रेक? मीटरवरच्या लाल दिव्याचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे बसमध्ये हेडफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय.

मी बी.टेक. करून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. गेल्या दिवाळीला बार्शीटाकळीला घरी होतो, तेव्हा अंगात मिस्त्री शिरला. घरच्या जुन्या गाडीचं मागचं उजवं चाक खोललं, ड्रम काढला, आतलं व्हील सिलिंडर बदललं. व्हिडिओ पाहून पाहून. मग पाइपातली हवा काढायला आईला ड्रायव्हर सीटवर बसवलं. "दाब... धरून ठेव... सोड." अर्धा तास आमचं हेच चाललं. पेडल कडक लागलं. मी खुश!

चौथ्या दिवशी वळणावर मीटरमध्ये लाल दिवा चमकला. गोल, दोन्ही बाजूंना कंस, मध्ये उद्गारचिन्ह. सरळ रस्त्याला लागलो की गायब, वळलो की हजर. संध्याकाळपर्यंत तो कायमचाच लागला. हँडब्रेक तर खाली होता.

आमचे मोठेबाबा अंगणात बसले होते. त्यांनी तरुणपणी मुंबईत काळी-पिवळी चालवली आहे. ते म्हणाले, "कायले टेन्शन घेतं बे? ब्रेक ऑइलच्या डब्याची वायर काढून दे. लाइट बंद, काम खतम."

मी काढली. लाइट गेली. खरंच गेली!

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना लग्नाला जायचं होतं, पातूर-मालेगाव मार्गे वाशीमला. म्हणजे पातूरचा घाट. रात्री झोप येईना. डोक्यात एकच प्रश्न: एवढ्या सहज बंद होणारा हा दिवा मुळात कोणी लावला, आणि कशासाठी?

तर मंडळी, हा आजचा इतिहास.

सुरुवातीच्या मोटारींत ब्रेक तारांनी आणि दांड्यांनी ओढला जायचा, सायकलसारखा. चारही चाकांना सारखा जोर मिळणं अवघड. अमेरिकेत माल्कम लॉकहीड नावाच्या माणसाने तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक आणला. विमानांवर जे लॉकहीड नाव दिसतं, त्याच घरातला हा भाऊ. १९२१ची ड्युसेनबर्ग मॉडेल ए ही चारही चाकांना असा हायड्रॉलिक ब्रेक असलेली पहिली प्रवासी गाडी मानली जाते. तत्त्व शाळेतलंच, पास्कलचं: बंद द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो.

पण त्यात एक ग्यानबाची मेख होती. सगळं तेल एकाच मास्टर सिलिंडरमधून जायचं. चारपैकी एका चाकाकडे पाइप फुटला की दाबच तयार होत नाही, आणि चारही चाकांचा ब्रेक जातो. पेडल थेट फरशीला. तेव्हा दिव्याची गरजच नव्हती, कारण बिघाड झाला की पायाला लगेच कळायचं. बऱ्याचदा उशिरा कळायचं, ती गोष्ट वेगळी.

मोठेबाबांची गाडी याच पिढीच्या डिझाइनची. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीतल्या फियाट ११०० डी वरून तयार झालेली गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून मुंबईची टॅक्सी झाली. २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपल्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. त्या गाड्यांच्या ड्रायव्हरला विचारा, तो मीटरबद्दल बोलणार नाही, पायाबद्दल बोलेल. पेडल किती खाली गेलं, दोनदा पंप केल्यावर वर आलं का. त्यांचा पाय हाच त्यांचा दिवा होता. म्हणून मोठेबाबांना माझा दिवा फालतू वाटला. त्यांच्या गाडीपुरतं ते बरोबरही होतं.

मग बदललं काय?

साठच्या दशकात अमेरिकेत मोटार अपघातांवरून मोठा गदारोळ झाला. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचं 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक आलं, १९६६ मध्ये वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. त्याखाली जे पहिले नियम १९६८ पासून लागू झाले, त्यात ब्रेकचा एक नियम होता, क्रमांक १०५. त्याने दोन गोष्टी सक्तीच्या केल्या. एक, ब्रेकचे दोन वेगळे भाग करा, म्हणजे एक फुटला तरी दुसरा चालेल. आणि दुसरी, ड्रायव्हरसमोर इशारा देणारा दिवा लावा.

या दोन गोष्टी एकत्रच का आल्या? माझ्या डोक्यात ट्यूब पेटली ती इथे.

दोन सर्किट आल्यावर गाडी सुरक्षित झाली, पण बिघाडाला लपायला जागा मिळाली. अर्धा ब्रेक गेला तरी गाडी थांबते. पेडल जरा खोल जातं, थांबायला जरा जास्त अंतर लागतं. गावातल्या रस्त्यावर तीसच्या स्पीडला कळतही नाही. माणूस महिनाभर अर्ध्या ब्रेकवर फिरतो, आणि घाटात उरलेला अर्धा तापतो तेव्हा हिशोब होतो. जे पायाला कळत नाही, ते डोळ्याला कळावं म्हणून हा दिवा आला.

पहिली रचना साधी होती. दोन सर्किटांच्या मध्ये एक छोटा दट्ट्या. दोन्हीकडे दाब सारखा असेल तर तो मधोमध. एका बाजूचा दाब पडला की दट्ट्या सरकतो, स्विच लागतो, दिवा पेटतो. नंतर ब्रेक ऑइलच्या डब्यात फ्लोट आला. पातळी उतरली की स्विच जुळतो. वळणावर तेल एका बाजूला कलतं, म्हणून पातळी काठावर असेल तर दिवा आधी वळणावरच चमकतो. माझा अगदी तसाच चमकत होता!

आता कोडवाल्यांसाठी गंमत. फ्लोटचं सर्किट जुळलं तरच दिवा लागतो. वायर काढली की सर्किट तुटलं, म्हणजे माझ्या गाडीला वाटलं "सगळं ठीक". शांतता म्हणजे ठीक, असं समजणारी सिस्टिम. किल्ली फिरवल्यावर हा दिवा दोन-तीन सेकंद आपोआप लागतो ना? तो बल्ब जिवंत आहे का, एवढंच त्यातून कळतं. माझ्या काढलेल्या वायरची खबर त्याला नव्हती.

ही पोकळी एबीएसमध्ये भरली गेली. १९७८ मध्ये बॉशने मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये डिजिटल कंट्रोलरवालं एबीएस दिलं. त्यातला कंट्रोलर स्वतःची आणि चाकाजवळच्या सेन्सरची तपासणी करत राहतो. सेन्सरची वायर तुटली की दिवा विझत नाही, उलट पेटतो. आपल्याकडे एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि एप्रिल २०१९ पासून सगळ्याच नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. म्हणून आज तुमच्या मीटरमध्ये दोन दिवे आहेत, एक लाल, एक पिवळा.

घरी काम केल्यावर हा इतिहास असा वापरा. फक्त लाल: आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का ते बघा, मग डब्यातली पातळी. पातळी उतरली असेल तर नुसतं तेल ओतून मोकळे होऊ नका, ते गेलं कुठे ते शोधा. पॅड झिजले तर पातळी हळूहळू उतरते, पण चार दिवसांत उतरली तर गळतीच समजा. फक्त पिवळा: चाक खोलताना सेन्सरची वायर ओढली गेली का, कनेक्टर नीट बसला का. साधा ब्रेक बहुधा चालतो, पण चाक लॉक होऊ न देणारी मदत गेलेली असते. दोन्ही एकदम, किंवा पेडल मऊ लागतंय: गाडी जागेवरून हलवायची नाही, मिस्त्रीला घरी बोलवायचं.

आता माझं काय झालं ते सांगतो. पहाटे पाच वाजता टॉर्च घेऊन चाक काढलं. ड्रमच्या मागची प्लेट ओली होती. मीच घट्ट केलेल्या पाइपच्या नटातून तेल पाझरत होतं. आमच्या गाडीत सर्किट तिरपं आहे, मागचं उजवं आणि पुढचं डावं एकत्र. म्हणजे पातूरच्या घाटात बाबांचा अर्धा ब्रेक जाऊ शकला असता, आणि सांगणारा दिवा मी स्वतः बंद केला होता.

बाबा एसटीने वाशीमला गेले. मी मिस्त्रीला घरी आणलं. त्याने नट खोलून पाइपचं तोंड दाखवलं, माझ्याकडून ते तिरपं बसलं होतं. पाइप बदलला, पुन्हा हवा काढली, आणि निघण्याआधी न सांगता डब्याची वायर जोडली.

संध्याकाळी मोठेबाबांना सगळं सांगितलं. दोन सर्किट, लपलेला बिघाड, सगळं. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या टायमाले पेडल बोलत होतं बावा. तुमचं पेडल बोलत नाही, तर लाइटीले तरी बोलू द्या."

यावर माझ्याकडे वाढवायला काही नाही. तुमच्या गाडीत कोणी अशी एखादी वायर काढून ठेवली आहे का, ते आज ब्रेक ऑइलच्या डब्यापाशी डोळ्यांनी बघा, नुसती किल्ली फिरवून ते कळणार नाही. बल्बसाठी मात्र किल्ली फिरवा: हँडब्रेक खाली असताना लाल दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर तेही बिघाडाचंच लक्षण.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. सांभाळून चालवा!