जुन्या फियाटची चकचकीत पट्टी: काढावी की ठेवावी?

सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात तिने इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने गाड्या बनवल्या. १९६० च्या दशकातली फियाट ११०० डी हीच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. अशी गाडी आज नव्याने रंगवायला काढली की एक प्रश्न हमखास येतो: बाजूची चकचकीत पट्टी परत बसवायची, की काढून भोके बुजवायची?

हा प्रश्न फियाटपुरता नाही. ब्रिटनच्या एमजीबी (१९६२ ते १९८०) या स्पोर्ट्स कारलाही अशी पट्टी असते आणि काही मालक ती काढतात.

पट्टीखाली काय असते?

पट्टी क्लिपांवर किंवा नटबोल्टवर बसते. त्यासाठी पत्र्याला भोके पाडलेली असतात. क्लिप घासून रंग निघतो, पट्टीमागे पाणी आणि धूळ साचते आणि गंज तिथून सुरू होतो. सोलापूरची हवा मुंबईपेक्षा कोरडी असल्याने गंज हळू वाढतो. पण गाडी आधी कोकणात किंवा मुंबईत वापरलेली असेल, तर आतून पत्रा खाल्लेला असू शकतो.

सोलापूरच्या उन्हाचा परिणाम वेगळा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उघडा रंग फिका पडतो. पट्टीखालचा रंग मात्र गडद राहतो. त्यामुळे पट्टी काढली की तिच्या जागी रेघ दिसते. म्हणजे पूर्ण बाजू रंगवण्याची तयारी नसेल, तर पट्टी काढून फायदा नाही.

भोके कशी बुजवतात?

नुसती पुट्टी भरली तर ती ओल धरते, काही काळाने तडकते आणि फुगते. योग्य पद्धत म्हणजे गंज साफ करून भोक वेल्डिंगने बंद करणे. पत्रा पातळ असल्याने एकाच जागी जास्त उष्णता दिली तर तो वाकतो. म्हणून थांबत थांबत, छोटे टाके मारावे लागतात. आधी कुणी पुट्टी भरली आहे का, हे लोहचुंबकाने कळते. जाड पुट्टीवर चुंबक नीट चिकटत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरील नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत. पट्टीची नोंद आरसीवर नसते, रंगाची असते. म्हणून रंग बदलला तर आरटीओकडे नोंद करावी लागते. २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात जपलेली खासगी गाडीच त्यात बसते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. नियमात पट्टीचे नाव नाही, पण मूळ स्वरूप दाखवायचे असेल तर ती जागेवर असलेली बरी.

मग करावे काय?

रंगकामाच्या वेळी पट्टी काढणे योग्यच, कारण खालचा गंज तेव्हाच दिसतो. काढण्यापूर्वी फोटो घ्यावेत. दाराचे आतले पॅनेल उघडून नट सैल करावेत. बाहेरून उचकटल्यास पट्टी वाकते. पट्ट्या, क्लिपा डावी-उजवी लिहून ठेवाव्यात. भंगारात देऊ नयेत, कारण मूळ पट्टी आता जुन्या बाजारातच शोधावी लागते.

निर्णय होत नसेल तर भोकांच्या कडांना गंजरोधक प्रायमर लावून रबरी बूच बसवावेत आणि काही महिने गाडी तशी वापरून पाहावी. काढलेली पट्टी परत लावता येते. बुजवून रंगवलेल्या पत्र्यात ती भोके पुन्हा अचूक जागी पाडणे फार अवघड असते.