तोफेमागचे गणित

संगणक म्हटला की आज आपल्या डोळ्यांसमोर पडदा आणि कळफलक येतो. दुसऱ्या महायुद्धात मात्र अमेरिकेच्या किनाऱ्यावर दातेरी चाकांचे संगणक काम करत होते. त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता : तोफ कुठे रोखायची?

प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. १६ इंची किनारी तोफेचा सुमारे एक टनाचा गोळा ४० किलोमीटरपर्यंत जाई आणि तेवढे अंतर कापायला त्याला मिनिटाहून अधिक वेळ लागे. ताशी ३० सागरी मैल वेगाची युद्धनौका मिनिटभरात ९०० मीटर पुढे सरके. म्हणून नेम धरायचा तो जहाज पुढे जिथे पोहोचणार त्या जागेवर.

त्यासाठी काही किलोमीटर अंतरावरच्या दोन चौक्यांतले निरीक्षक, ठरावीक वेळाने वाजणाऱ्या घंटेबरोबर, एकाच क्षणी जहाजाचा कोन मोजत आणि टेलिफोनवर कळवत. एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन कळले की त्रिकोण पुरा होतो, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. आधी ही आकडेमोड मोठ्या पाटावर माणसे करत. पुढे मोठ्या तोफांसाठी ती यंत्राकडे आली. वारा, हवेची घनता, दारूचे तापमान यांचाही हिशेब त्यात धरला जाई. फिरत्या तबकडीवर टेकलेली पोलादी गोळी केंद्रापासून जितकी दूर, तितकी वेगाने फिरते. अशा साध्या रचनांतून यंत्रे वेगावरून अंतर काढत. ही रचना जेम्स थॉमसन यांनी १८७६ मध्येच मांडली होती.

पण शेवटचा निर्णय माणसाचाच राही. २१ जून १९४२ च्या रात्री जपानच्या आय-२५ पाणबुडीने ओरेगनमधील फोर्ट स्टीव्हन्सवर १७ गोळे डागले. किल्ल्यातल्या १० इंची तोफा जुन्या होत्या. पाणबुडी त्यांच्या पल्ल्याबाहेर आहे, असे मोजणीवरून ठरले. शिवाय तोफ उडाली असती तर अंधारात आपली जागा शत्रूला कळली असती. गोलंदाज सज्ज होते, तरी सेनाधिकाऱ्यांनी परवानगी दिली नाही. पाणबुडी निघून गेली; नुकसान किरकोळच झाले.

युद्ध संपल्यावर काही वर्षांतच अमेरिकेच्या किनारी तोफा मोडीत निघाल्या. त्या रात्रीचा संयम मात्र आम्हाला अजून मोलाचा वाटतो. गणित नेम सांगते, तसेच कधी हात आवरायचा तेही सांगते. ऐकणारा माणूस मात्र हवा.