तारा धरून ठेवणारे

गेल्या मार्गशीर्षात, अंधाऱ्या पंधरवड्यातल्या एका रात्री, माझ्या चौदा वर्षांच्या नातवाने मला नोकरीवरून काढून टाकले. मुलुंडच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर त्याने दुर्बीण मांडली होती. मी सवयीप्रमाणे स्टूल ओढून तिच्यामागे बसू लागलो, तर तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही खाली जाऊन झोपा. तारा आता हा धरून ठेवील." हा म्हणजे काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, मुख्य दुर्बिणीच्या पाठीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीला चिकटवलेला कॅमेरा. त्याला ऑटोगायडर म्हणतात. मी काही झोपायला गेलो नाही. पण हातांना काम उरले नव्हते, म्हणून मागचे आठवत बसलो.

वाचकहो, तारा धरून ठेवणे म्हणजे काय, ते आधी सांगतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आकाश चार मिनिटांत एक अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंदीइतके, सरकते. डोळ्याला ते जाणवत नाही. पण अंधुक तेजोमेघाचे छायाचित्र घ्यायचे तर काच किंवा फिल्म मिनिटेच्या मिनिटे उघडी ठेवावी लागे, आणि तेवढ्यात ताऱ्यांच्या रेघोट्या होत. म्हणून दुर्बिणीचा एक आस ध्रुवाकडे रोखायचा आणि घड्याळाच्या यंत्राने तिला आकाशाच्या गतीने फिरवायचे. यंत्राचे दाते मात्र कधी निर्दोष नसतात. दुर्बीण केसभर पुढे जाते, केसभर मागे पडते. ती चूक सुधारायला माणूस लागतो. जोडदुर्बिणीत कोळ्याच्या तंतूंची फुली असते. एक तारा त्या फुलीवर धरायचा आणि तो ढळला की स्क्रू फिरवून परत आणायचा. माझी नोकरी ती हीच.

या नोकरीची परंपरा थोर आहे. १८८० साली अमेरिकेत हेन्री ड्रेपरने मृगातल्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. त्याला ५१ मिनिटे लागली. ड्रेपर पेशाने डॉक्टर. तीनच वर्षांनी अँड्र्यू कॉमन नावाच्या इंग्रजाने त्याच तेजोमेघाचे असे चित्र घेतले, की डोळ्याला दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे त्यावर उमटले. हा गृहस्थ सांडपाण्याच्या कामांचा इंजिनियर, आणि त्याची दुर्बीण होती ईलिंगला, घराच्या बागेत. ईलिंग हे लंडनचे उपनगर. लंडनला ईलिंग तसे मुंबईला मुलुंड, असे मी मनाशी म्हणतो आणि थोडा ताठ बसतो. पुढे १८८८ साली देवयानीतला तेजोमेघ भोवऱ्यासारखा वळलेला आहे, हे आयझॅक रॉबर्ट्सच्या काचेने दाखवले. रॉबर्ट्स बांधकामाचा कंत्राटदार होता. आमच्या गच्चीवरून आता ध्रुव दिसत नाही. मुंबईच्या अक्षांशाला तो क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर, आणि त्या दिशेला ठाण्याचा उजेड व उंच मनोरे. एका बिल्डराने आकाश उघडले आणि दुसऱ्यांनी झाकले, एवढेच म्हणतो.

आपल्याकडे हे काम कोणी केले? कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे नाव किती घरांत ठाऊक असेल? मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचा हा पारशी अध्यापक. १८८२ साली भावनगरच्या महाराज तख्तसिंहजींनी त्यांच्या कामासाठी पाच हजार रुपये दिले, आणि सरकारने तितकेच घातले. त्यातून पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली वेधशाळा उभी राहिली. तिच्यातली वीस इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालला गेले. एका माणसाच्या जिवावर उभी असलेली संस्था त्याच्या पेन्शनीबरोबर संपली.

पण त्याआधी एक दिवस असा आला, की साऱ्या जगाच्या दुर्बिणी महाराष्ट्राकडे वळल्या. २२ जानेवारी १८९८, खग्रास सूर्यग्रहण. सावलीचा पट्टा कोकणातून चढून वऱ्हाडाकडे गेला. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर स्टेशनाजवळ नायगमवालांचा तळ होता, आणि जेऊरलाच अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही आले होते. त्यांचा कॅमेरा चाळीस फूट लांब. एवढे धूड फिरवणार कोण? म्हणून कॅमेरा जागच्या जागी ठेवून आतली काचच सूर्याच्या गतीने सरकवायची, अशी युक्ती केलेली होती. वऱ्हाडात तळणीला ॲनी माँडर या बाईंनी अवघ्या दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्याने प्रभामंडळाचा एक झोत टिपला. तो सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे चौदा पट लांब भरला. विजयदुर्गाच्या किल्ल्यात नॉर्मन लॉकियर उतरले होते. हेलियमचा शोध त्यांनी १८६८ साली विजयदुर्गावर लावला, असे आपण कौतुकाने सांगतो. परंतु १८६८ साली लॉकियर इंग्लंडात होते. किल्ल्यावर ते आले १८९८ साली. खरी गोष्टही पुरेशी मोठी आहे, तिला तीस वर्षे मागे ओढण्याची गरज नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट, फार लहान. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. मुंबईत हौशी मंडळी जमू लागली होती, खगोल मंडळ आदल्याच वर्षी सुरू झाले होते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासूनची. आम्ही तिघे मित्र कर्जत लोकलच्या सामानाच्या डब्यात दुर्बीण घालून वांगणीला जात असू. एका रात्री मी मृगाच्या तेजोमेघासाठी सलग पंचवीस मिनिटे फुलीवर तारा धरला. मान अवघडली, डोळ्यातून पाणी आले, डासांनी पाय फोडून काढले, पण हात हलू दिला नाही. रोल एका स्टुडिओत धुवायला दिला. तिथल्या माणसाला पट्टी सगळी काळोखी दिसली, चौकट कुठे सुरू होते ते कळेना. त्याने अंदाजाने कात्री चालवली, ती नेमकी तेजोमेघाच्या मधोमध. वर "काही आलेले नाही" म्हणून पैसे परत देऊ लागला!

त्यानंतर मी एक नेम केला. प्रत्येक रोलची पहिली चौकट उजेडात घ्यायची, म्हणजे कापणाऱ्याला ठाव लागेल. घरातून निघताना बायकोला दारात उभी करून मी तो फोटो घेई. पंधरा वर्षांचे असे फोटो आहेत. कधी हातात पोळीचा डबा, कधी कडेवर मूल, आणि कपाळावर 'चालले पुन्हा' अशी आठी.

दरम्यान जग बदलत होते. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी ही सिलिकॉनची चकती कल्पिली. त्यांना २००९ साली नोबेल मिळाले. फिल्मवर पडणाऱ्या शंभर प्रकाशकणांतले दोन-तीन कामी येत, या चकतीवर निम्म्याहून अधिक. १९९० च्या सुमारास एसटी-४ नावाचा छोटा कॅमेरा हौशी मंडळींसाठी निघाला. त्याने हातातला स्क्रू काढून घेतला. त्याचे नाव दुर्बिणीच्या बैठकीवरच्या खाचेला अजून चिकटून आहे.

तो करतो काय, ते नातवाने मला दाखवले. दर दोन सेकंदांनी ताऱ्याचे चित्र घ्यायचे, त्या ठिपक्याचा मध्य काढायचा, आणि तो सरकला असेल तितका मोटरला हलका ठोसा द्यायचा. मी विचारले, "वाऱ्याने तारा थरथरला तर?" तो म्हणाला, "प्रत्येक थरथरीमागे धावलं तर उलट बिघडतं. थोडं सोडून द्यावं लागतं." मी गप्प झालो. हे मला वांगणीला कळायला दोन हिवाळे लागले होते.

आता सलग पंचवीस मिनिटे धरावेही लागत नाही. तीन-तीन मिनिटांची चाळीस चित्रे घेऊन संगणक ती एकावर एक रचतो. फक्त हायड्रोजनचा लाल प्रकाश जाऊ देणारी काच लावली, की मुलुंडच्या दिव्यांचा बराचसा उजेड बाहेर राहतो. पहाटे तीनला पडद्यावर तेजोमेघ उमटला. मी वांगणीला जे कधी पाहिले नव्हते, ते माझ्याच गच्चीवर.

मला वाईट वाटले का? थोडे वाटले. पण फुलीवर डोळा लावलेल्या माणसाला एकच तारा दिसतो, हेही खरे. त्या रात्री माझी मान मोकळी होती, आणि मी व नातू मृग मावळतीकडे झुकेपर्यंत गप्पा मारीत बसलो. नायगमवालांची गोष्ट मी त्याला तेव्हाच सांगितली.

आज लक्ष्मीपूजन, म्हणजे आश्विनी अमावास्या. रात्री नऊच्या सुमारास देवयानी माथ्यावर असेल, पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश घेऊन. धुराचा पडदा विरला तर नातू वर दुर्बीण मांडणार आहे. मी त्याला एकच अट घातली आहे. कापणारा कोणी उरला नसला, तरी पहिले चित्र आजीचे, दारातल्या पणतीच्या उजेडात.