दक्षिण मराठा देशाचे खडक आणि तेलाचा शोध

बंगळूरहून मिरजेकडे जाताना बेळगाव मागे पडले, की गोकाक रोड हे स्थानक लागते. त्या परिसरात घटप्रभा नदी सुमारे १७० फूट उंच वालुकाश्माच्या कड्यावरून खाली झेपावते. गोकाकचा हा धबधबा आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. परंतु तो कडा कोणत्या खडकाचा, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती केली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रॉबर्ट ब्रूस फूट यांनी. १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच ‘दक्षिण मराठा देश’ हे शब्द आहेत. येथील प्राचीन गाळखडकांना त्यांनी कलादगीचे नाव दिले. कलादगी तेव्हा जिल्ह्याचे ठाणे होते. पुढे ते विजापुरास हलले. १८९४ साली म्हैसूर संस्थानाने भूवैज्ञानिक खाते काढले, त्याचे पहिले प्रमुखही फूटच.

हे काम म्हणजे निव्वळ पायपीट. ओढ्याच्या पात्रात उतरायचे, हातोडीने कपचा काढायचा, थर कोणत्या दिशेस व किती अंशांनी कलले आहेत ते मोजायचे आणि नकाशावर उतरवायचे. अशा असंख्य नोंदी जुळल्या म्हणजे भूगर्भाची रचना उमगू लागते. बागलकोटकडचे जुने थर वळ्या पडून तिरपे झालेले, तर बदामीचा वालुकाश्म त्यांवर जवळजवळ आडवा पसरलेला. मध्ये कोट्यवधी वर्षांचा खंड. चालुक्यांनी लेणी कोरली ती याच वालुकाश्मात.

तेलाचा प्रश्न मागाहून आला. १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला आणि देशातील गाळखडकांकडे नव्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. तेलास जैव द्रव्याने युक्त असा मूळ खडक लागतो, ते साठविणारा सच्छिद्र खडक लागतो, वर घट्ट झाकण लागते, आणि सर्व अडवून धरणारी रचना लागते. कलादगीच्या चुनखडकांत सूक्ष्मजीवांच्या चटयांनी घडविलेले स्ट्रोमॅटोलाइट आहेत. म्हणजे त्या सागरात जीवन खचितच होते. परंतु त्यास १०० कोटींहून अधिक वर्षे लोटली! इतक्या काळात तेल टिकावे ही अपेक्षा मोठीच. तथापि ओमान व पूर्व सैबेरिया येथे कँब्रियनपूर्व खडकांत तेल मिळाले आहे, त्यामुळे ती अगदीच वेडगळ म्हणता येत नाही. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या समुद्रात तेल काढले तेही चुनखडकातूनच; मात्र तो खडक अवघा सुमारे २ कोटी वर्षांचा.

आजच्या वर्गीकरणात भीमा-कलादगी ही द्रोणी देशातील २६ द्रोणींपैकी तिसऱ्या वर्गात, म्हणजे तेलाची केवळ शक्यता मानलेल्यांत, मोडते. उत्तरेस हे खडक दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली जातात आणि कोल्हापूर व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत पुन्हा डोके वर काढतात. मधल्या भागात हातोडीचा उपाय चालत नाही. तेथे भूकंपीय लहरी सोडाव्या लागतात, आणि त्या लहरीही लाव्हाच्या थरांत विखुरतात.