टाक्यांनंतरचा ठणका

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरी मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने एका रोग्याला ईथर हुंगवले, आणि सर्जनने त्याच्या मानेवरची गाठ काढली. भुलीची ही कथा पुष्कळांनी ऐकली असेल. पण भूल उतरल्यावर पुढे काय? टाके ठणकू लागतात तेव्हा सर्जन घरी गेलेला असतो. रात्रभर उशाशी असते ती परिचारिका.

फार दिवस रीत अशी, की डॉक्टरांनी ‘गरज पडल्यास’ म्हणून औषध लिहून ठेवायचे आणि गरज पडली का, हे परिचारिकेने ठरवायचे. ती कशावरून ठरवणार? रोगी कण्हतो का, घाम सुटला का, नाडी धावते का, यावरून. त्यात मॉर्फीनची सवय लागेल ही धास्ती. गप्प पडून असलेला रोगी बरा आहे, असे धरले जाई. ‘सोस थोडं’ म्हणणारे आपल्याकडेही कमी नाहीत म्हणा!

१९६८ साली मार्गो मॅक्कॅफरी या अमेरिकन परिचारिकेने सांगितले, की दुखते किती हे ज्याचे त्यालाच ठाऊक. तो सांगेल ते खरे माना.

बरे, पण लहान पोराचे काय? एलंड नावाच्या परिचारिकेने अँडरसन यांच्यासह १९७७ साली एक हिशेब छापला. शस्त्रक्रिया झालेल्या २५ मुलांपैकी १३ जणांना वेदनेवरचे एकही औषध मिळाले नव्हते. उरलेल्या १२ मुलांना मिळून २४ मात्रा. आणि तशाच दुखण्याच्या १८ मोठ्या माणसांना? ६७१!

आकडे ऐकून राग येतो. पण त्या परिचारिका काही दुष्ट नव्हत्या. मुलांना मोठ्यांइतके दुखत नाही, असा तेव्हा समजच होता. शिवाय विचारले तर मूल ‘नाही’ म्हणते, कारण ‘हो’ म्हटले की सुई येणार! शिक्षकहो, असले ‘नाही’ तुमच्या ओळखीचे आहे.

पुढे १९८०च्या दशकात ओक्लाहोमातील टल्सा येथे कॉनी बेकर आणि परिचारिका डोना वाँग यांनी मुलांकडूनच चेहरे काढून घेतले. त्यातून हसऱ्यापासून रडव्यापर्यंत सहा चेहऱ्यांची पट्टी झाली. मुलाने नुसते बोट ठेवायचे.

मोठ्यांना आता शून्य ते दहा यांतला आकडा विचारतात, औषध दिल्यावर पुन्हा विचारतात. नुसते पडल्यापडल्या नव्हे, तर खोकताना किती दुखते, हेही विचारतात. कारण दुखते म्हणून रोगी खोल श्वास घेत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून पोटाला टाके असले, की परिचारिका त्यांवर उशी दाबून धरायला लावते आणि मग म्हणते, “हं, आता खोका.”