छायाचित्रावरील कुंचला

छायाचित्रास रंगचित्राचे रूप देण्याची हौस संगणकाबरोबर आली, हा समज आम्हांस मान्य नाही. गेल्या शतकाच्याही आधी, १८९० नंतरच्या दशकात, पॅरिसचे रोबेर दमाशी डिंक, रंगद्रव्य व बायक्रोमेट यांच्या लेपावर छायाचित्र उतरवीत. उजेड लागलेला लेप घट्ट होई. उरलेला पाण्याने सैल पडे, आणि ते कुंचल्याने हवा तेवढा पुसून टाकीत. १९९० मध्ये पॉल हेबर्ली यांनी संगणकावरही हाताला वाव ठेविला: रंग मूळ छायाचित्रातून येई, फटकारा कोठे मारावयाचा हे माणूस ठरवी. २०१५ मध्ये ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी नेकारकाठच्या घरांच्या छायाचित्रास व्हॅन गॉगच्या तारांकित रात्रीची धाटणी दिली. त्यात एकही फटकारा हाताचा नव्हता. चित्र मोहक आहे खरे. पण दमाशींनी काय पुसले हे न्याहाळताना आम्हांस जो रस वाटतो, तो तेथे सापडला नाही.