पिस्तुलाचे मोल

बदलीवर कोलकात्यास आलो त्या वर्षी एका स्नेह्यासमवेत बंदुकांच्या जुन्या दुकानात जाण्याचा योग आला. वृद्ध दुकानदाराने कपाटातील माउझर पिस्तूल दाखविण्यापूर्वी त्याची नळी भिंतीकडे वळवून ते रिकामे असल्याची दोनदा खात्री केली. ‘रिकामे समजलेले हत्यारच घात करते,’ तो म्हणाला. जुन्या माउझरसाठी संग्राहक मोठी रक्कम मोजतात, असेही त्याने सांगितले. मला मात्र या शहराचा इतिहास आठवला.

२६ ऑगस्ट १९१४ रोजी येथील रॉडा कंपनीचा शस्त्रमाल जकात कचेरीतून सोडविण्यात आला. २०२ पेट्यांपैकी दहा पेट्या कंपनीचाच नोकर श्रीशचंद्र मित्र याने क्रांतिकारकांच्या हवाली केल्या. त्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. लाकडी म्यान मुठीस जोडताच या पिस्तुलाची छोटी बंदूक होई.

९ सप्टेंबर १९१५ रोजी बालासोरजवळ जतींद्रनाथ मुखर्जी व त्यांचे चार सहकारी माउझर घेऊन पोलिसांशी झुंजले. एक जागीच पडला, जतींद्रनाथ दुसऱ्या दिवशी निवर्तले, दोघे फाशी गेले, एकास काळे पाणी झाले.

आपणा महाराष्ट्रीयांस हा हिशेब अपरिचित नाही. सावरकरांनी लंडनहून पाठविलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा वध झाला. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्यास फासावर चढले.

दुकानदाराने पिस्तूल पुन्हा कपाटात ठेवले. त्याने सांगितलेल्या रकमेत ही किंमत धरलेली नव्हती.